काचेखालचं गोडाऊन

वर निळंशार पाणी, हिरवी झाडं, डौलात फिरणारे गोल्डफिश. खाली कपाटात मात्र वायरींचं जंगल! फिश टँकच्या कपाटाचं दार तुम्ही शेवटचं कधी उघडलं होतं? राहनाळच्या एका घरात ते रात्री दोन वाजता उघडावं लागलं...

घरात फिश टँक असला की पाहुण्यांसमोर कॉलर टाइट असते. ‘वॉव, काय मस्त लाइट आहे!’, ‘ही झाडं खरी आहेत?’ असले प्रश्न आपण ऐटीत झेलतो. पण कुणी चुकून खालच्या कपाटाच्या हँडलला हात लावला तर? आपण पटकन मध्ये येतो. ‘ते राहू दे, तिथे नुसता पसारा आहे.’

पसारा म्हणजे काय, तर फिल्टरची वायर, एअर पंपाची वायर, लाइटचा अ‍ॅडॉप्टर, हीटरची वायर, या सगळ्यांना पोसणारा एक एक्स्टेन्शन बोर्ड, त्याच्या शेजारी माशांच्या खाण्याचे डबे, जाळी, ओली नळी आणि गेल्या वर्षीची बादली. एक्स्टेन्शन बोर्ड कुठे? तर कपाटाच्या तळाशी, थेट फळीवर. आणि त्याच्या बरोब्बर डोक्यावर शंभर-सव्वाशे लिटर पाणी!

तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच असा साधा टँक धरा. त्यात १२० लिटरच्या आसपास पाणी मावतं. विजेपासून दोन फुटांवर इतकं पाणी आपण घरात दुसरीकडे कुठेच ठेवत नाही. बाथरूममध्ये गीझरचा स्विच बाहेर घेतो, पण हॉलमध्ये मात्र बिनधास्त असतो. का? कारण इथे कपाटाला दार असतं. दिसत नाही, म्हणून नाही.

सगळ्याच काळ्या!

माझी आत्या भिवंडीजवळ राहनाळला राहते. ठाण्याहून कशेळी, काल्हेर करत अंजूरफाट्याकडे जाताना दोन्ही बाजूंना गोडाऊनच गोडाऊन लागतात ना, तो पट्टा. तुम्ही ऑनलाइन मागवलेला मोबाइल किंवा मिक्सर घरी येण्याआधी बहुधा याच भागात एखाद्या रॅकवर मुक्काम करून आलेला असतो. माझा आतेभाऊ (मी त्याला दादाच म्हणते) अशाच एका गोडाऊनमध्ये स्टॉक सांभाळतो. सेलचा सीझन आला की नाइट शिफ्ट ठरलेली.

अशाच एका रात्री सोसायटीच्या मीटर रूममध्ये काहीतरी बिघडलं आणि बिल्डिंगची लाइट गेली. आत्याला जाग आली ती आवाजाने नाही, तर शांततेने. टँकची गुडगुड थांबली होती. टॉर्च घेऊन हॉलमध्ये आली तर पायाला पाणी लागलं. कपाट उघडून बघते तो काय, एअर पंपाच्या तोंडातून बारीक धारेने पाणी येतंय आणि खालच्या बोर्डावर साचतंय. तेवढ्यात लाइट आली. घाईघाईत प्लग काढायला तिने आत हात घातला आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. नशीब, पायात रबरी चपला होत्या आणि हात आपोआप मागे आला. तिने आधी घराचा मेन स्विच पाडला आणि मग दादाला फोन लावला.

‘आई, पंपाची नळी पाण्यातून वर काढ आधी. आणि एअर पंपाचा प्लग ओढ.’

‘कुठला तो?’

‘काळ्या वायरचा.’

‘सगळ्याच काळ्या आहेत रे!’

मग मेन बंद ठेवून आत्या पहाटेपर्यंत टँकशेजारी स्टुलावर बसली. तांब्याने पाणी काढायचं आणि वरून धार धरून परत टँकमध्ये सोडायचं, दर थोड्या वेळाने. पाण्यात हवा मिसळण्याचा हा सगळ्यात जुना, बिनविजेचा उपाय. मासे वाचले. दादाच्या मनातून मात्र ते ‘सगळ्याच काळ्या’ काही जाईना.

‘अगं, दिवसभर मी हजारो खोकी सांभाळतो,’ तो मला म्हणाला. ‘गोडाऊनमध्ये काल जॉइन झालेल्या पोरालासुद्धा हवी ती वस्तू मिनिटात सापडते. आणि माझ्याच घरात आईला एक प्लग सापडू नये?’

पुढच्या रविवारी त्याने ते कपाट अख्खं रिकामं केलं आणि गोडाऊनचे नियम लावून पुन्हा भरलं. मी तिथेच होते, टॉर्च धरायला. त्या दिवशी मी जे शिकले, ते हे.

नियम पहिला : माल जमिनीवर ठेवायचा नाही

गोडाऊनमध्ये कुठलंही खोकं थेट लादीवर ठेवत नाहीत. खाली लाकडी पॅलेट असतं. कारण पाणी आलं तर ते आधी जमिनीवर येतं. कपाटाचंही तेच. पाणी गळो, सांडो किंवा नळी सुटो, ते शेवटी तळाशीच जाणार. म्हणून वीज वर आणि पाणी खाली.

एक्स्टेन्शन बोर्ड कपाटाच्या बाजूच्या भिंतीवर, वरच्या अर्ध्या भागात स्क्रूने बसवा. टँकच्या काठाखाली सरळ रेषेत नको, थोडा बाजूला. बोर्डाची तोंडं आडवी, समोर बघणारी हवीत. आकाशाकडे बघणारा सॉकेट म्हणजे थेंबांसाठी ठेवलेली वाटीच! जागा असेल तर सुताराकडून मध्ये एक उभी फळी मारून घ्या. एका बाजूला ओला संसार (कॅनिस्टर फिल्टर, नळ्या, बादली) आणि दुसऱ्या बाजूला सुका संसार (बोर्ड, अ‍ॅडॉप्टर, टायमर). कॅनिस्टर फिल्टर असेल तर तो प्लॅस्टिकच्या खोलगट ट्रेमध्ये ठेवा. रबरी रिंग जुनी झाली की तो आधी थेंब-थेंब गळतो. ट्रेमध्ये ते लगेच दिसतं, प्लायवर मात्र फळी फुगल्यावरच कळतं.

प्लायचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. नवीन कपाट करून घेत असाल तर पार्टिकल बोर्ड टाळा, तो पाणी पितो आणि फुगतो. मरीन प्लाय मागा, त्यावर ‘आयएस ७१०’ असा मार्क असतो. आणि वायरी बाहेर काढायला कपाटाची मागची फळी अख्खी काढून टाकू नका. तिच्यामुळेच कपाट डावी-उजवीकडे हलत नाही. दोन गोल भोकं पुरतात. कॉम्प्युटर टेबलाला असते तशी प्लॅस्टिकची रिंग त्यात बसवली की वायर घासतही नाही. याच भोकांतून थोडी हवा खेळते. पावसाळ्यात ठाणे-भिवंडीच्या दमट हवेत बंद कपाटाला आतून घाम फुटतो, तो कमी होतो.

थेंब कुठे पडतो?

आता सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाची युक्ती. फुकट आहे म्हणून कुणी करत नाही!

टँकमधून बाहेर येणाऱ्या प्रत्येक वायरवरून पाणी ओघळू शकतं. वायर काठावरून सरळ उताराने प्लगपर्यंत गेली, तर थेंबाला थेट हायवेच मिळाला. म्हणून वायर आधी सॉकेटच्या खालपर्यंत सैल सोडायची आणि मग वर वळवून प्लग लावायचा. इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी. थेंब ‘यू’च्या तळाशी येतो आणि तिथून खाली गळून पडतो. वर चढून प्लगमध्ये जात नाही. शौकीन मंडळी याला ‘ड्रिप लूप’ म्हणतात.

बोर्ड जमिनीवर असेल तर हा ‘यू’ करताच येत नाही, कारण बोर्डाच्या खाली जागाच नसते. म्हणून नियम पहिला आधी!

वडापावच्या भावातला व्हॉल्व

आत्याच्या घरी त्या रात्री नेमकं झालं काय? एअर पंप टँकच्या खाली होता. पंप चालू असतो तेव्हा नळीत हवेचा दाब असतो. लाइट गेली, दाब संपला, की टँकमधलं पाणी नळीतून उलटं वर चढतं. एकदा का ते काठ ओलांडून खाली उतरू लागलं, की सायफन सुरू. आपण पिंपातून नळीने पाणी काढतो, तसंच. मग ते पंपातून बाहेर, आणि पंपाशेजारी काय असतं? बोर्ड.

उपाय म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व. बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची वस्तू, हवा एकाच दिशेने सोडते. पंप आणि टँक यांच्यामध्ये नळी कापून बसवायचा. किंमत म्हणाल तर एक-दोन वडापाव. दिशा मात्र बघून घ्या. पंपाकडच्या बाजूने फुंकल्यावर हवा गेली पाहिजे आणि टँककडच्या बाजूने अडली पाहिजे. वर्षा-दोन वर्षांनी तो कडक होतो, तेव्हा बदला. आणि जमलं तर पंपच पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, म्हणजे प्रश्नच मिटला.

भिवंडी हे यंत्रमागांचं, म्हणजे विजेवर चालणारं गाव. महावितरणने २००७ च्या जानेवारीत इथलं वितरण फ्रँचायझी पद्धतीने टोरंट पॉवरकडे दिलं, आणि देशातला तो अशा पद्धतीचा पहिला प्रयोग म्हणून गाजला. पण गाव कुठलंही असो, लाइट कधी ना कधी जातेच. लाइट गेल्यावर तुमचं कपाट कसं वागतं, हीच त्याची खरी परीक्षा.

लोड नाही, ओल!

‘एकाच बोर्डावर एवढं सगळं? लोड येणार नाही?’ हा माझा बाळबोध प्रश्न. दादाने बोटांवर हिशेब केला. फिल्टर २० वॉट, एअर पंप ५, एलईडी लाइट २५, हीटर १००. एकूण १५० वॉट. म्हणजे आपल्या २३० व्होल्टवर एक अँपिअरसुद्धा नाही. साधी इस्त्री याच्या सहा-सातपट वीज खाते.

मग धोका कशाचा? ओलीचा आणि सैल प्लगचा. बाजारातल्या बऱ्याच पंपांना चपट्या पिनांचे प्लग असतात. ते आपल्या सॉकेटमध्ये नीट बसत नाहीत, म्हणून आपण कन्व्हर्टर लावतो, मग त्याच्यावर मल्टिप्लग. हा मनोरा लटकतो, हलतो, आत ठिणग्या पडतात. त्यात ओलावा आणि धूळ बसली की प्लॅस्टिकवरच विजेची पायवाट तयार होते. खाऱ्या पाण्याचा टँक असेल तर आणखी वाईट, कारण मिठाची पांढरी बुरशी वायरवरून सरपटत येते. म्हणून बोर्ड असा घ्या, ज्यात चपटी पिनही घट्ट बसते आणि प्रत्येक सॉकेटला वेगळा स्विच असतो. कन्व्हर्टरचे मनोरे बंद!

आणि आता आत्याच्या झिणझिण्या. घरात एमसीबी आहे म्हणून आपण निवांत असतो. पण एमसीबी वायरिंगला वाचवतो, माणसाला नाही. अंगातून जाणारा करंट एमसीबीच्या हिशेबी किरकोळ असतो, जीव जायला मात्र पुरेसा असतो. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. दुकानात बरेच जण त्याला अजूनही ईएलसीबीच म्हणतात. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत फरक पडला की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडतो. मागताना ‘३० मिलिअँपिअरचा’ असं स्पष्ट सांगा. १०० किंवा ३०० चाही मिळतो, पण माणसाच्या सुरक्षेसाठी ३० चाच. खर्च? एका वीकेंडच्या मल्टिप्लेक्स आउटिंगइतका.

एक टिप इलेक्ट्रिशियनला जरूर सांगा : टँकच्या पॉइंटला आरसीसीबी वेगळा हवा. अख्ख्या घराला एकच असेल, तर गीझरने ट्रिप केला तरी फिल्टर बंद. आणि तुम्ही तेव्हा गोव्याला!

नियम दुसरा : नवख्यालाही सापडलं पाहिजे

हा दादाचा लाडका नियम. प्रत्येक वायरला दोन्ही टोकांना लेबल. प्लगजवळ एक, टँकच्या काठाजवळ एक. रंगीत इन्सुलेशन टेपचा झेंडा करायचा आणि मार्करने नाव लिहायचं. हीटर लाल, हवा निळी, फिल्टर हिरवा, लाइट पिवळा. नावं आत्याने तिच्या वळणदार अक्षरात लिहिली, कारण वाचायची तिला होती.

जास्तीची वायर सैल वेटोळं करून व्हेल्क्रो पट्टीने बांधा. प्लॅस्टिकचे केबल टाय दिसायला झकास, पण फिल्टर धुवायला काढायचा म्हटलं की कात्री लागते. आणि कात्री चुकली की...! जे नेहमी निघतं त्याला व्हेल्क्रो, जे कधीच निघत नाही त्याला टाय. सगळ्या वायरी एकाच जाड वेणीत गुंफू नका. एक ओढली की चारही हलतात. आणि अख्ख्या बोर्डाचा मुख्य स्विच कपाटाच्या बाहेर, कोरड्या हाताला लागेल असा. संकटात कुणालाही आत हात घालावा लागता कामा नये.

मोठ्या मत्स्यालयांत हेच तर असतं. मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं. शाळेच्या सहलीत आपण नाक काचेला लावून मासे बघितले. पण अशा ठिकाणी काचेमागे कर्मचाऱ्यांची एक वेगळी वाट असते. पंप, पाइप, स्विच सगळं तिकडे. आपल्या घरी ती मागची वाट म्हणजे हे दोन-अडीच फुटांचं कपाट. फरक इतकाच की तिथे पगारी माणसं असतात. इथे रात्री आई असते.

नियम तिसरा : गल्ली मोकळी ठेवा

गोडाऊनमध्ये दोन रॅकमधल्या गल्लीत काहीही ठेवायला सक्त मनाई. कपाटातही दार उघडताच समोर बोर्ड दिसला पाहिजे. खाण्याचे डबे, औषधं, जाळी हे सगळं दाराच्या आतल्या बाजूला हुकवर किंवा छोट्या रॅकमध्ये लावा. ओलं फडकं आणि बादली कपाटाबाहेर.

जाता जाता तीन छोट्या गोष्टी. पाणी बदलण्याआधी हीटर बंद करा आणि पंधरा मिनिटं थांबा. गरम काच हवेत उघडी पडली आणि मग त्यावर गार पाणी गेलं की तडकते. लाइटचा टायमर चक्रीवाला असेल तर लाइट गेली की चक्रीही थांबते. दोन तास वीज नव्हती, तर पुढचा लाइट दोन तास उशिरा लागणार. बॅटरीवाला डिजिटल टायमर वेळ विसरत नाही. आणि कॅनिस्टर फिल्टर काही तास बंद पडला असेल तर तसाच चालू करू नका. आत प्राणवायू संपून चांगले बॅक्टेरिया मरतात आणि ते कुजकं पाणी थेट माशांच्या अंगावर येतं. आधी टँकच्याच पाण्यात स्पंज धुवा. नळाच्या पाण्यात नको, त्यातलं क्लोरीन उरलेल्या बॅक्टेरियांनाही मारतं.

रविवारचा प्लॅन

• मेन बंद करा. कपाट रिकामं करा, फोटो काढून ठेवा.
• बोर्ड भिंतीवर वर चढवा, मुख्य स्विच बाहेर घ्या.
• प्रत्येक वायरला ‘यू’ द्या, दोन्ही टोकांना लेबल लावा.
• एअर पंपाला नॉन-रिटर्न व्हॉल्व बसवा.
• फिल्टर ट्रेमध्ये ठेवा.
• आरसीसीबी इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्या. त्यावरचं ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून बघा.
• लाइट गेली की आपोआप सुरू होणारा बॅटरीवरचा एअर पंप मिळतो, तो एक घेऊन ठेवा.
• खरेदी कुठे? मासे बघायला क्रॉफर्ड मार्केटला जाताच ना? तिथून लोहार चाळ चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बोर्ड, टेप, आरसीसीबी सगळं एका फेरीत.

सगळं झाल्यावर दादाने एक शेवटची गोष्ट केली. हॉलमधला लाइट घालवला, आत्याच्या हातात टॉर्च दिला आणि म्हणाला, ‘आई, समज रात्रीचे दोन वाजलेत. एअर पंप बंद कर.’ आत्याने दार उघडलं, निळा झेंडा शोधला, स्विच खट्कन पाडला. मोजून चार सेकंद. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘बघितलंस? आता काळ्या नाहीत सगळ्या.’

सेलचा सीझन येतो, दादा अजूनही नाइट शिफ्टला जातो. लाइटही मधूनमधून जाते. आत्या मात्र आता त्याला फोन करत नाही. सकाळी चहा देताना सांगते.